अंधाऱ्या रस्त्यासाठी सायकलचे स्वस्त दिवे: ल्युमेन बघायचे की झोत?

रानवाट

खांबावरचे दिवे अजिबात नसलेल्या रस्त्यावर रोज संध्याकाळी साधारण तासभर सायकल चालवायची आहे. वेग ताशी २० ते २५ किमी. डांबरी रस्ता, कडेला सुटी खडी, अधूनमधून खड्डे, समोरून मोटारी आणि दुचाक्या. दिवे स्वस्तातलेच घ्यायचे आहेत, पण महिन्याभरात फेकून द्यावे लागतील असे नकोत.

ल्युमेन, म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड, किती पुरतील? बॅटरी आतली असावी की बदलता येणारे सेल बरे? साधी टॉर्च क्लॅम्पने हँडलला बांधली तर चालेल का? मागचा दिवा लुकलुकणारा असावा की स्थिर? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

नटबोल्ट

ल्युमेनच्या आधी अंतराचा हिशेब करा. ताशी २५ किमी म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. खड्डा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर १० मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर ठीकठाक ब्रेक असतील तर पुढे आणखी ७ मीटर. म्हणजे एकूण १७. ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड जवळपास निम्म्यावर येते, तेव्हा २४ मीटर धरा. थोडक्यात, २५ मीटरवरचा खड्डा ओळखू येईल इतका उजेड रस्त्यावर पडला पाहिजे. ताशी २० किमीला कोरड्यात १३ मीटरमध्ये भागतं, त्यामुळे दिवा कमी पडत असेल तर आधी वेग कमी करा.

एवढ्यासाठी झोत नीट रस्त्यावर पडणारा असेल तर खरे २०० ते ३०० ल्युमेन पुरतात. गोल झोताच्या दिव्याला ४०० ते ५०० लागतात, कारण त्यातला बराच उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. "खरे" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. खोक्यावरचा आकडा तपासायचा सोपा मार्ग म्हणजे बॅटरी.

बॅटरीवर छापलेल्या क्षमतेला, म्हणजे एमएएचला, ३.६ ने गुणा आणि हजाराने भागा, की वॅट-तास मिळतात. ३००० एमएएचच्या सेलमध्ये १०.८ वॅट-तास. स्वस्त दिव्यात ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) आणि काचेतलं नुकसान धरून एका वॅटला ८० ते १०० ल्युमेन बाहेर पडतात. १०० धरले तरी ४०० ल्युमेनला ४ वॅट लागतात, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. आता १२०० एमएएचच्या दिव्यावर "१००० ल्युमेन, ४ तास" असं छापलेलं असेल तर त्यात जेमतेम ४.३ वॅट-तास आहेत. खरेच १००० ल्युमेन दिले तर अर्ध्या तासाच्या आत संपेल, आणि चार तास चालला तर सरासरी १०० ल्युमेनच देत असेल. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत.

आणखी एक. एफएल-१ हे टॉर्चसाठीचं मापनाचं प्रमाण आहे. त्यात ल्युमेन दिवा लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान मोजतात, आणि चालण्याचा वेळ उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. त्यामुळे "४०० ल्युमेन, ५ तास" हे प्रमाणानुसार लिहिलेलं असलं तरी पाचही तास ४०० मिळतील असा त्याचा अर्थ होत नाही. उजेड-वेळेचा आलेख दिला असेल तो दिवा आधी बघा.

सावली

नटबोल्ट यांच्याशी सहमत, फक्त माझ्या मते झोताचा आकार ल्युमेनच्याही आधी येतो.

गोल झोताच्या दिव्याने चाकासमोरचे ३-४ मीटर लख्ख उजळतात आणि पुढे अंधार वाटतो. जवळचा डांबर जितका पांढरा दिसतो तितकी डोळ्याची बाहुली आकसते, आणि लांबचं दिसेनासं होतं. दिवा वर उचलला तर समोरच्याचे डोळे दिपतात. कटऑफ असलेल्या दिव्यात वरची कड सरळ कापलेली असते. सगळ्यात तीव्र उजेड त्या कडेच्या लगेच खाली असतो, म्हणजे लांबच्या रस्त्यावर, आणि जवळ येताना तो फिका होत जातो. त्यामुळे रस्ता जवळून लांबपर्यंत सारखा उजळलेला दिसतो.

जर्मनीच्या एसटीव्हीझेडओ या वाहनविषयक नियमांत असा झोत सक्तीचा आहे. तिथे मंजूर झालेल्या दिव्यावर नागमोडी रेघ, के अक्षर आणि पुढे क्रमांक कोरलेला असतो. या दिव्यांवर बहुधा ल्युमेनऐवजी लक्स लिहिलेले असतात, कारण १० मीटरवर किती उजेड पडतो ते मोजतात. दुकानाच्या पानावर झोताचा भिंतीवरचा किंवा रस्त्यावरचा फोटो असेल तर तोच बघा, बाकी वर्णनापेक्षा त्यातून जास्त कळतं.

एक खबरदारी घ्या. कटऑफचा दिवा हँडलच्या वर बसवायचा की खाली टांगायचा हे ठरलेलं असतं. उलटा बसवला तर कापलेली कड खाली आणि सगळा उजेड आकाशात. जागा वाचवायला तो सायकल कॉम्प्युटरच्या खाली टांगायचा असेल तर तशी सोय त्याच मॉडेलला आहे का ते आधी बघा.

स्पोक

दिवा कुठे बसवला यानेही मोठा फरक पडतो. खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा जितका डोळ्यापासून लांब आणि खाली, तितकी सावली लांब आणि ठळक. म्हणून हँडलपेक्षा फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) माथ्यावर बसवलेला दिवा खडबडीतपणा जास्त दाखवतो. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या जवळजवळ रेषेत असल्याने सावल्या खड्ड्याच्या मागे लपतात आणि रस्ता सपाट भासतो. धुळीत किंवा धुक्यात तर त्याचा उजेड थेट डोळ्यांसमोर पसरतो. वळणावर आत बघायला किंवा पंक्चर काढायला तो उपयोगी, पण एकमेव दिवा म्हणून नको. फार खाली, अगदी आसाजवळ बसवला तर छोट्या खड्यांच्याही सावल्या मोठ्या दिसतात आणि उगाच ब्रेक लागतात.

रानवाट

हे कटऑफ प्रकरण माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण स्वस्त दिव्यांत ते फार कमी दिसतंय. मग टॉर्चच घेतली आणि काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावली तर वरचा उजेड कापला जाईल का?

सावली

नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. रिफ्लेक्टरच्या टॉर्चमध्ये मधला तीव्र ठिपका रिफ्लेक्टरच्या सगळ्या भागांतून मिळून बनतो. वरचा अर्धा भाग झाकला तर ठिपक्याचा वरचा अर्धा भाग जात नाही, अख्खा ठिपका निम्म्याने मंद होतो. एलईडीतून थेट बाहेर पडणारा, ठिपक्याभोवतीचा पसरट उजेड मात्र वरून झाकल्याने कमी होतो. तेवढ्यासाठी काचेच्या वर दीड-दोन सेंटिमीटर पुढे आलेली छोटी छपरी करा. ती स्वतःच्या डोळ्यांवर येणारी चमकही थांबवते.

टॉर्च घ्यायचीच असेल तर झूमवाली नको. तिचं भिंग पुढेमागे सरकतं, तिथून पाणी आत जातं, आणि पूर्ण झूमवर एलईडीची चौकोनी प्रतिमा रस्त्यावर पडते, बाजूला काहीच नाही. आतून खरबरीत रिफ्लेक्टरची घ्या, तिचा ठिपका मऊ असतो.

नटबोल्ट

टॉर्चच्या क्लॅम्पबद्दल: आधी हँडलचा व्यास मोजा. स्टेमजवळ (हँडल मधोमध पकडणाऱ्या तुकड्याजवळ) ३१.८ किंवा २५.४ मिमी, आणि सरळ हँडलला ग्रिपच्या जागी २२.२ मिमी. सैल क्लॅम्प पहिल्याच गतिरोधकावर फिरतो आणि दिवा खाली मान टाकतो. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, रबराची बाहेरची बाजू हँडलकडे ठेवून. टॉर्चच्या शेपटीला दोरी असेल तर ती हँडलभोवती अडकवून ठेवा, क्लॅम्प तुटला तरी टॉर्च चाकात जाणार नाही.

टॉर्चचे मोडही बघा. मंद, मध्यम, तीव्र, भराभर लुकलुकणे, एसओएस अशी साखळी असेल तर चालत्या सायकलवर उजेड कमी करताना एक क्षण मिट्ट अंधार होतो. दोन किंवा तीनच मोड असलेली आणि शेवटचा मोड लक्षात ठेवणारी टॉर्च शोधा.

काजवा

आता सेल. टॉर्चमधल्या गोल लिथियम-आयन सेलच्या नावातच त्याचं माप असतं: ज्याचं नाव १८६५० त्याचा व्यास १८ मिमी आणि लांबी ६५ मिमी. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. या आकारात आज मिळणारी खरी क्षमता साधारण ३५०० एमएएचपर्यंतच जाते. ५०००, ६८००, ९९०० असं छापलेलं असेल तर लेबल खोटं आहे, दुसरा अर्थ नाही. वजन करा: चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. ३० ग्रॅमच्या आसपास असेल तर आत छोटा सेल बसवलेला आहे. ५००० हवेच असतील तर २१७०० आकार घ्या, तो साधारण ७० ग्रॅमचा असतो. पण तो बसेल असाच दिवा लागतो.

"टी६ एलईडी" या शब्दांनीही भुलू नका. एक्सएम-एल नावाच्या मूळ एलईडीच्या उजेडाच्या प्रतवारीतला तो एक वर्ग होता: ७०० मिलिअँपिअरला किमान २८० ल्युमेन. आता तो कुठल्याही एलईडीवर छापतात. त्यावरून हातातल्या दिव्याबद्दल काहीच कळत नाही.

बदलता येणारा सेल की आतली बॅटरी, यात माझं मत स्पष्ट आहे. रोज तासभर वापर असेल तर बदलता येणारा घ्या. लिथियम-आयन सेलची ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर क्षमता लक्षात येण्याइतकी घटते. तेव्हा सेल बदलायचा, दिवा तोच. आतली बॅटरी असलेला अख्खा दिवा टाकावा लागतो. शिवाय खिशात एक भरलेला सेल असला की मध्येच अंधार होण्याची भीती नाही. मात्र सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात ठेवू नका, प्लॅस्टिकच्या डबीतच. टोकं जोडली गेली तर तो पेट घेऊ शकतो. आणि संरक्षक सर्किट असलेला सेल नेहमीपेक्षा ३ ते ५ मिमी जास्त लांब असतो, दिव्यात बसतो का ते आधी मोजा.

वेगळा बॅटरी-पॅक केबलने जोडलेले दिवे स्वस्तात फार तीव्र मिळतात. त्यांच्या पॅकमध्ये अनेकदा संरक्षक सर्किट नसतं, आणि चार सेलपैकी एक खराब निघाला की बाकीचे त्याच्यावर ताण देतात. फुगलेला, तापणारा पॅक चार्जिंगला लावून झोपू नका, तो सरळ ई-कचऱ्यात.

स्पोक

यूएसबी सी असलेल्या स्वस्त दिव्यांची एक खोड: दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. दिव्याच्या पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर असायला हवेत, ते वाचवलेले असतात. चार्जरला पलीकडे कोणी आहे हे कळत नाही, तो वीज सोडत नाही. दिवा बिघडला समजून परत करण्याआधी जुन्या चपट्या ए टोकाची केबल लावून बघा, लगेच चालतो.

पॉवर बँकवर रात्रभर छोटा मागचा दिवा लावला तरी तो अर्धवट चार्ज होतो तेही यासारखंच. दिवा फार कमी करंट घेतो, पॉवर बँकेला वाटतं काम संपलं आणि ती बंद होते. पुढचा-मागचा दोन्ही एकदम लावा.

पायडल

मागच्या दिव्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि मागून येणाऱ्या मोटारीला तोच दिसणार आहे.

रात्री १० ते २० ल्युमेन भरपूर झाले. १०० ल्युमेनचा लाल दिवा मागच्या सायकलवाल्याला आंधळा करतो, तो दिवसाच्या उन्हासाठी आहे. बसवण्याचा कोन मात्र जवळपास सगळे चुकवतात. सीटपोस्ट (सीटखालची नळी) जमिनीशी साधारण ७३ अंशात मागे झुकलेला असतो. त्यावर दिवा सपाट बांधला की तो १७ अंश खाली बघतो. ७५ सेंटिमीटर उंचीवरून त्याचा मुख्य झोत अडीच मीटरवर जमिनीत जातो! सीटस्टेवर (सीटखालून मागच्या आसाकडे जाणाऱ्या नळीवर) बांधला तर उलट होतं, दिवा आकाशाकडे बघतो. म्हणून पाचरीचं रबर किंवा हलणारा ब्रॅकेट असलेला दिवा घ्या, आणि काच जमिनीला काटकोनात उभी आहे का ते बाजूला उभं राहून बघा. कॅरिअर असेल तर त्याच्या मागच्या पत्र्यावरची जागा सगळ्यात उत्तम. तिथल्या छिद्रांतलं अंतर बहुधा ५० किंवा ८० मिमी असतं. लांब शर्ट, पिशवी, सैल रेनकोट यांनी सीटपोस्टवरचा दिवा झाकला जातो, कॅरिअरवरचा नाही.

लुकलुकणारा की स्थिर? लुकलुकणारा लवकर नजरेत भरतो, पण अंधारात त्यावरून अंतर आणि वेग कळत नाही. दोन दिवे लावा: एक स्थिर, एक सावकाश लुकलुकणारा. मागचा दिवा विझला तर चालवणाऱ्याला कळत नाही, म्हणूनही दोन हवेतच.

सावली

लुकलुकण्याबाबत देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. जर्मनीत सायकलवर लुकलुकणारे दिवे चालत नाहीत. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतात, मिनिटाला ६० ते २४० वेळा या मर्यादेत. आपापल्या ठिकाणचा नियम बघून घ्यावा. पुढचा पांढरा दिवा मात्र अंधाऱ्या रस्त्यावर कधीही लुकलुकता ठेवू नका. दर झपक्यात रस्ता नाहीसा होतो आणि समोरच्याला तुमचं अंतर लागत नाही.

पायडल

बरोबर. आणि रिफ्लेक्टर विसरू नका, त्यांना चार्जिंग लागत नाही. पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर आणि घोट्यावरचे चमकणारे पट्टे वरखाली हलतात, त्यामुळे समोर सायकलवर माणूस आहे हे लांबून ओळखू येतं. छातीवरच्या स्थिर पट्ट्याने तेवढं होत नाही. अर्थात रिफ्लेक्टर दुसऱ्याचा उजेड परत त्याच्याकडेच पाठवतो. ज्या गाडीचा दिवा तुमच्यावर पडतच नाही, तिच्यासाठी तुम्ही अंधारातच आहात. दिव्याला तो पर्याय नाही.

जुनी घंटा

सगळे बॅटरीवर बोलताय म्हणून डायनामोची बाजू मांडतो. टायरला घासणारा बाटली डायनामो स्वस्त आहे, ६ व्होल्ट ३ वॅट देतो आणि चार्ज करायची आठवण लागत नाही. पूर्वी त्यातले २.४ वॅट पुढच्या बल्बला आणि ०.६ मागच्याला जायचे. आजच्या एलईडी दिव्याला तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त उजेड मिळतो, आणि आत वीज साठवणारा कपॅसिटर असेल तर सायकल थांबली तरी काही मिनिटं दिवा राहतो.

बसवताना दोन गोष्टी. डायनामोच्या अक्षाची रेषा वाढवली तर ती बरोबर चाकाच्या आसाच्या मध्यातून गेली पाहिजे, नाहीतर रोलर तिरका घासून टायरची बाजू खातो. दुसरी, एकाच वायरची जोडणी असेल तर परतीचा मार्ग फ्रेममधून असतो. ब्रॅकेटमधला टोकदार स्क्रू रंग फोडून लोखंडाला टेकला पाहिजे. दिवा मधेच फडफडतो त्याचं कारण बहुतेक वेळा हा रंगावर टेकलेला स्क्रूच असतो. मी तर दोन वायरीच ओढा म्हणेन.

आणि जुने बल्ब ठेवणार असाल तर लक्षात घ्या, डायनामो साधारण अर्ध्या अँपिअरचा करंट ढकलतच राहतो. पुढचा बल्ब गेला की तो सगळा मागच्यावर येतो आणि तोही जातो.

नटबोल्ट

डायनामोचे गुण मान्य, पण पावसात रोलर घसरतो आणि दिवा नेमका तेव्हाच मंद होतो. रबरी टोपी घातलेला रोलर थोडा बरा. चाकाच्या मध्यात बसणाऱ्या हब डायनामोला हा त्रास नाही, पण त्यासाठी चाक नव्याने विणावं लागतं, ते स्वस्तात बसत नाही. जर्मनीतसुद्धा डायनामोची सक्ती २०१३ मध्ये उठली. रानवाट यांच्या तासाभराच्या वापराला सेलचा दिवा सोपा पडेल.

स्पोक

पावसाबद्दल थोडक्यात. आयपीएक्स ही दिवा किती पाणी सोसतो त्याची प्रतवारी: ४ म्हणजे उडणारे शिंतोडे, ६ म्हणजे जोराची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पुढच्या दिव्याला ४ चालेल, मागच्याला ६ बघा, कारण चाकाचं चिखलपाणी थेट त्याच्यावर येतं. मडगार्ड असेल तर हा प्रश्न निम्मा सुटतो. पाणी शिरतं ते बहुतेक चार्जिंगच्या रबरी झाकणातून. पोर्ट खालच्या बाजूला असलेला दिवा निवडा. भिजल्यावर झाकण उघडून वाळू द्या आणि मगच चार्ज करा, ओल्या पोर्टला वीज दिली की पिना हिरव्या पडून गळतात. टॉर्चच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, ती काही रबरांना फुगवते.

रंगही बघा: ६५०० केल्विनचा निळसर पांढरा डोळ्यांना जास्त टोचतो. आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर, म्हणून ४००० ते ५००० केल्विन मिळाला तर तोच घ्या.

रानवाट

खूप काही कळलं. २१७०० सेलचा, दोन-तीन मोडचा पुढचा दिवा आणि मागे दोन असं ठरवतोय. दिवा हातात आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत काय काय तपासू? आणि झोत कसा लावू?

काजवा

तपासणी अशी. दिवा एकदा पूर्ण चार्ज करा, त्या वेळी जवळ रहा. अंधाऱ्या खोलीत फोनवर लक्स मोजणारं ॲप लावून फोन दिव्यापासून बरोबर एक मीटरवर टेकवा, दिवा मध्यम मोडवर लावा आणि समोर पंखा सुरू ठेवा, नाहीतर वारा नसल्याने तो तापून स्वतःच उजेड कमी करेल. पहिल्या, तिसाव्या आणि साठाव्या मिनिटाचा आकडा लिहा. फोनचा आकडा स्वतः अचूक नसला तरी तुलना खरी असते. तासाभरात उजेड निम्म्याच्या खाली गेला तर परत करा. डोळ्यावर विसंबू नका, सावकाश निम्मा झालेला उजेड डोळ्याला कळत नाही.

मग दिव्यासमोर हाताची बोटं भराभर हलवा. बोटं तुटक तुटक दिसली तर दिवा कमी वारंवारितेने झपकतोय, फिरत्या चाकावर आणि पावसाच्या थेंबांवर तो त्रास देईल. सेल घातलेला दिवा कानाजवळ धरून जोरात हलवा. खुळखुळला किंवा क्षणभर विझला तर स्प्रिंग सैल आहे, खड्ड्यात हमखास बंद पडणार.

सावली

झोत लावायला सपाट जागा आणि भिंत लागेल. टायरमध्ये रोजची हवा भरा, कोणाला तरी सीटवर बसवा, पुढचा दिवा भिंतीपासून ५ मीटरवर ठेवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीवर रेघ मारा. समजा ती ९० सेंटिमीटर आहे. गोल झोत असेल तर ठिपक्याचा मध्य रेघेच्या ३० सेंटिमीटर खाली आणा, तो रस्त्यावर १५ मीटरवर पडेल आणि त्याचा वरचा भाग पुढे पोचेल. कटऑफ असेल तर वरची कड रेघेच्या १० सेंटिमीटर खाली, म्हणजे ती ४५ मीटरवर रस्त्याला मिळते. मग क्लॅम्प घट्ट करा, हँडलवर दिव्याच्या कडेला रंगाची बारीक खूण करा, आणि २० मीटर पुढे चालत जाऊन मोटार चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे थोडं वाकून, दिव्याकडे बघा. डोळे दिपले तर अजून थोडा खाली.